घरचा नमुना

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले आमचे संचालक, शेजारच्या रुग्णालयातून वेळात वेळ काढून आलेले डॉक्टर, आज ज्यांच्या निरोपाच्या निमित्तानं हे सभागृह भरलं आहे त्या आमच्या मॅडम, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान, कन्या आणि जावई, प्रयोगशाळेतले माझे सहकारी, आणि ज्यांच्या रक्तावर आमची चूल पेटते ते आमचे रुग्ण आणि त्यांच्या घरची मंडळी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्ष महोदयांनी मला विषय दिला होता, 'रक्ताच्या आनुवंशिक आजारांच्या संशोधनातले नवे प्रवाह आणि मॅडमचं योगदान'. विषय भारदस्त आहे. मी गेल्या आठवड्यात भाषण लिहूनही काढलं होतं. चांगलं झालं होतं, दोन ठिकाणी तुम्ही हमखास हसला असतात. पण या आठवड्यात असं काही घडलं की ते भाषण आता माझ्या तोंडून निघणार नाही. मी अजून सावरलेलो नाही. आवाज अडखळला तर सांभाळून घ्या. आणि जे सांगणार आहे ते मॅडम, त्यांची लेक आणि आणखी एक बाई, या तिघींच्या परवानगीनं सांगतो आहे. मॅडमनी तर मला तंबीच दिली आहे, "वकीलसाहेब, उद्या माझं कौतुक केलंस तर मी उठून निघून जाईन. जे झालं ते सांग."

मी वकील नाही. मॅडमशी प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो म्हणून त्यांनी मला हे नाव दिलंय आणि ते आता पगाराच्या कागदावर यायचं तेवढं बाकी आहे.

तर आमच्या खोलीची एक जुनी रीत आहे. नवं मशीन आलं, नवी तपासणी सुरू झाली, की पहिलं रक्त मॅडमचं. त्या बाही वर करून खुर्चीत बसायच्या आणि मशीन लावून देणाऱ्याला दरवेळी तेच ऐकवायच्या, "आधी मला घाला आत. मी बिघडलेली निघाले तर मशीन परत न्या." सगळे हसायचे. त्या रक्ताला आम्ही 'घरचा नमुना' म्हणतो. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात त्याची जागा ठरलेली आहे आणि तिथं दुसरं काही ठेवलं तर मॅडम डोकं खातात.

आता संशोधनाचे प्रवाह. थोडक्यात सांगतो, कारण पुढचं कळायला ते लागेल. पूर्वी आम्ही काचेवर रक्ताचा थेंब पसरून लाल पेशींचा आकार पाहायचो. मग हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजायला लागलो. मग थेट जनुकच वाचायला लागलो, अक्षरन् अक्षर. आजार पक्का कळायला लागला, आणि आता तर बिघडलेलं जनुक दुरुस्त करायच्या उपचारांपर्यंत जग पोचलंय. तरी काही घरं अशी उरायचीच, जिथं मूल आजारी, वडील वाहक, आणि आईमध्ये काहीच सापडत नाही. वाहक म्हणजे काय, तर अर्धा दोष अंगात आहे पण स्वतःला त्रास शून्य. दोन्हीकडचे दोन अर्धे एकत्र आले तरच मूल आजारी होतं. मग आईकडचा अर्धा कुठं गेला? अलीकडच्या संशोधनानं याचं उत्तर शोधलंय. दिवा या खोलीत असतो आणि त्याचं बटण तिसऱ्या खोलीत. जनुक धडधाकट असतं, पण ते चालू-बंद करणारा भाग लांब कुठंतरी असतो आणि बिघाड तिथं असतो. म्हणून आता आम्ही लांबवरचंही वाचतो.

पण लांबवरचं वाचायला गेलं की प्रत्येक माणसात लाखो फरक दिसतात. तुमचं नाक आणि माझं नाक वेगळं, तसे. त्यातला दोष कुठला आणि नुसता वेगळेपणा कुठला? त्यासाठी चाळणी लावावी लागते. बाहेरच्या हजारो लोकांशी आम्ही ताडून पाहायचो, पण शेवटचा शब्द घरच्या नमुन्याचा. जो बदल मॅडममध्ये आहे तो निरुपद्रवी. कारण मॅडम ठणठणीत! लिफ्ट बंद पडली की आम्ही धापा टाकत वर यायचो तेव्हा मॅडम वर पोचून चहा संपवून बसलेल्या असायच्या. यांच्या रक्तात खोट असेल, असं कुणाच्या मनात तरी येईल का?

या सोमवारी चहा घेता घेता मी दुसऱ्या एका प्रयोगशाळेचा लेख वाचत होतो. त्यांनी तसंच एक लांबचं बटण शोधलंय, आणि त्यातला एक बदल दिलाय जो बटण अर्धवट बंद करतो. तो बदल मला ओळखीचा वाटला. मी आमची न सुटलेली घरं उघडली. पहिल्याच घरात, आईमध्ये, तो होता. लख्ख. मग आम्ही तो का सोडला? चाळणीनं काढून टाकला होता. आणि चाळणीनं का काढला, तेही पाहिलं. तो घरच्या नमुन्यात होता.

खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो मशीन परत पाठवायचा.

मी मॅडमच्या खोलीत गेलो. त्या कपाट आवरत होत्या.

"वकीलसाहेब, निरोपाच्या आठवड्यात भांडण नको हं."

मी लॅपटॉपचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"हे माझं आहे?"

"हो."

"नमुना अदलाबदल झाला असेल. ताजं रक्त घे, परत लाव."

परत लावलं. दुसऱ्या दिवशी तेच आलं. मला वाटलं, आता त्या पद्धतीतल्या चुका काढतील, माझी उलटतपासणी घेतील. त्या खुर्चीचा हात धरून बसून राहिल्या. मग मला समजलं की त्यांचं गणित माझ्या पुढं गेलं आहे. त्यांचे जावई वाहक आहेत. हे लग्नाआधीच माहीत होतं, लपवाछपवी काही नव्हती. मॅडमनी तेव्हा लेकीचं रक्त स्वतः तपासलं होतं, काही सापडलं नाही, आणि दोघांना सांगितलं होतं, "बिनधास्त लग्न करा." लेकीला आता चौथा महिना आहे.

मॅडम म्हणाल्या, "लेकीचं आधी लाव. आजच्या आज."

मंडळी, या बाईंनी संचालकांच्या मेव्हण्याला रांगेत बसवलं होतं. संचालक साहेब समोर आहेत, हसताहेत, म्हणजे खरं आहे. 'रक्ताला ओळखपाळख नसते' हे वाक्य ऐकून ऐकून आमचे कान किटले. आणि त्याच मॅडम मला रांग मोडायला सांगत होत्या. 

"उभा काय राहिलास? आई म्हणून सांगतेय."

मी रांग मोडली.

त्याच दिवशी मी त्या पहिल्या घरातल्या आईंना बोलावून घेतलं. त्या आज इथं आहेत, मागच्या बाजूला. त्यांची मुलगी लहानपणापासून आमच्याकडे येते. फिकट चेहरा, वाढलेली प्लीहा, मधूनमधून रक्त चढवावं लागतं. दरवेळी आमच्या प्रयोगशाळेकडून या माउलीला निरोप जायचा, तुमच्यात काही दोष नाही. आम्हाला वाटायचं, आपण दिलासा देतोय.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे निम्मं माझ्याकडून आलं."

"हो. निम्मं तुमच्याकडून, निम्मं तुमच्या यजमानांकडून."

"मग ती तापाची गोळी?"

मला कळेना. "कुठली गोळी?"

"ती पोटात असताना मला ताप आला होता. मी कुणाला न विचारता गोळी घेतली. तुम्ही म्हणायचात, तुमच्या रक्तात काही नाही. मग मी म्हणायचे, रक्तात नाही तर मी केलेल्यातच असणार. घरी कुणाला बोलले नाही कधी."

मी म्हणालो, "गोळीचा काडीचाही संबंध नाही."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. रडल्या, आणि मग चिडल्या. त्यांचा तो हक्कच होता. "पोरगी नोकरीला लागली माझी! एवढी वर्षं कुणी का नाही सांगितलं?"

वकील म्हणवणारा मी बाजू मांडायला लागणार, तेवढ्यात उत्तर दारातून आलं. मॅडम उभ्या होत्या. "कारण तेच माझ्यातही होतं," त्या म्हणाल्या, "आणि मी स्वतःला निरोगी धरून चालले होते."

गुरुवारी लेकीचा रिपोर्ट आला. तिच्यातही तो बदल आहे.

मॅडमनी तो तिला स्वतः सांगितला, माझ्यासमोर. लेक शाळेत शिकवते, शांत स्वभावाची आहे. ती ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "आई, तू मला स्वतः तपासलं होतंस ना?" मॅडमना मी कितीतरी परिषदांमध्ये जगभरच्या प्रश्नांना ताडताड उत्तरं देताना पाहिलं आहे. या वेळी त्या नुसतं 'हो' म्हणाल्या.

आता बाळात दोन्ही अर्धे एकत्र येण्याची शक्यता चारात एक आहे. लोक म्हणतात, चारात एक म्हणजे फार नाही. आम्हीही म्हणत आलो आहोत, आत आमच्या टेबलाच्या अलीकडे बसून. पलीकडून ते केवढं दिसतं, हे मी या आठवड्यात मॅडमच्या चेहऱ्यावर पाहिलं.

त्या मागे बसलेल्या आईंना हे कळलं तेव्हा त्या काय म्हणाल्या, तेही सांगतो. मला वाटलं होतं, त्या तोंड फिरवतील. त्या म्हणाल्या, "मॅडमच्या लेकीला माझ्या घरी पाठवा. माझी पोरगी कशी आहे ते बघू दे तिला. जिना चढताना बसते मध्ये, औषधं घेते, मला उलट उत्तरं देते. सगळं बघू दे." काल लेक आणि जावई जाऊन आले. काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही.

तर अध्यक्ष महोदय, संशोधनाचा नवा प्रवाह मला विचाराल तर आमच्या खोलीपुरता तो हा आहे. घरचा नमुना फ्रिजमधून काढला आहे. चाळणी मोडली आहे. 'काही नाही' म्हणून परत पाठवलेलं प्रत्येक घर आम्ही पुन्हा उघडतो आहोत आणि फोन सुरू झाले आहेत. आणि मॅडमचं योगदान म्हणाल, तर ही गोष्ट गुपचूप दुरुस्त करून टाकणं त्यांच्या हातात होतं. कुणाला पत्ता लागला नसता. त्यांनी ती भर सभागृहात सांगायला लावली.

गुरुवारीच बाळाच्या तपासणीसाठी गर्भजलाचा नमुना घेतला; परवा, सोमवारी, बाळाचा रिपोर्ट येईल. आजवर तो कागद घेऊन मॅडम बाहेर यायच्या आणि बाकावर बसलेल्या माणसांशी बोलायच्या. आम्ही आत असायचो. बाहेर काय बोललं जातं, ते आम्हाला कधी ऐकूच आलं नाही. सोमवारी तो कागद घेऊन मी बाहेर येणार आहे, आणि बाकावर लेकीशेजारी मॅडम असतील. काल मी त्यांना विचारलं, मॅडम, कसं सांगतात हो? त्या म्हणाल्या, "आधी शेजारी बस. उभ्याउभ्या सांगू नकोस. तू उभा राहून सांगितलंस तर मला ऐकवणार नाही."

आपण सर्वांनी हे शांतपणे ऐकून घेतलंत, अध्यक्ष महोदयांनी दिलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ मला बोलू दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते तुम्ही उदार मनानं विसराल. पण ज्या घरांना आम्ही चुकीचा दिलासा दिला, त्यांची क्षमा मी प्रयोगशाळेच्या वतीनं मागतो, आणि त्यांनी ती लगेच द्यावी असं माझं म्हणणं नाही.

मॅडम, सोमवारी मी बसून सांगेन. काहीही असलं तरी.

नमस्कार.