सही मागितली, पदक दिलंत

सन्माननीय अध्यक्ष श्री. मॉर्टन श्लेगल, दिग्दर्शक मंडळाच्या कार्यकारिणीचे सदस्य, व्यासपीठावर ओळीनं बसलेले आजचे नामवंत वक्ते आणि त्यांत विशेष करून श्री. ग्रेडन पोल्क, पुढच्या टेबलांवरचे स्टुडिओंचे अधिकारी, मागच्या टेबलांवरचे माझे संकलक, कॅमेरावाले, ध्वनिवाले आणि वेशभूषेवाले भाऊबंद, आणि ज्याच्यासाठी आपण सगळे काळे कपडे घालून या हॉटेलात जमलो आहोत तो लाइल ओस्टरगार्ड, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी नेटी बर्गडॉल. लाइलच्या सगळ्या चित्रपटांचं संकलन मी केलं, एक सोडून. ते एक ज्यांनी पाहिलंय त्यांना मी ते का सोडलं हे सांगायला नको. हसलात, बरं वाटलं. हसून घ्या.

आपल्या मंडळाची रीत जुनी आहे. सत्कारमूर्तीची ओळख करून देणारा शेवटी त्याचं नाव पुकारतो, मग बँड वाजतो, सत्कारमूर्ती वर येतो, अध्यक्ष त्याच्या गळ्यात पदक घालतात आणि मगच कोंबडी वाढली जाते. नाव पुकारल्याशिवाय यातलं काही होत नाही. इतकी वर्षं ही रीत मला उगाच वाटायची. आज मात्र मी तिची आभारी आहे. का, ते पुढे येईलच.

आत्ता निवेदकांनी लाइलच्या पारितोषिकांची यादी वाचली. पटकथेसाठी दोनदा, दिग्दर्शनासाठी एकदा, परदेशातल्या महोत्सवांची तर मोजदादच नाही. तुम्ही प्रत्येक नावाला टाळ्या वाजवल्यात. निवेदकांनी एवढंच सांगितलं नाही की पटकथेचं पहिलं पारितोषिक ज्या चित्राला मिळालं ते स्टुडिओनं दोन वर्षं डब्यात कोंबून ठेवलं होतं. लाइलनं शेवट बदलावा म्हणून त्याच्या मागे लागलेली माणसं होती. त्यांतली काही आज पुढच्या टेबलांवर आहेत आणि टाळ्या त्यांच्याच सर्वांत मोठ्या होत्या. असू द्या. ते जुनं झालं आणि मला आज जुनं उगाळायचं नाही. मला आजचं बोलायचंय.

इथं येताना गाडीत लाइलनं मला बजावलं होतं. म्हणाला, "नेटी, रडगाणं नको. पदक घेऊ, कोंबडी खाऊ, घरी जाऊ." मी हो म्हटलं. त्याला मी आयुष्यभर हो म्हणत आले आणि संकलनाच्या टेबलावर गेल्यावर मला हवं तेच कापत आले. तेव्हा त्यालाही फार आश्चर्य वाटायला नको.

तर मंडळी, लाइल ओस्टरगार्ड त्र्याऐंशी वर्षांचा आहे. गुडघा बदललाय. डोकं तेच आहे आणि ते बदलायचे प्रयत्न पुष्कळांनी करून पाहिलेत. त्यानं एक नवी पटकथा लिहिली आहे. सेल्मा गावातल्या मनुकांच्या शेडवर, जिथं त्याची आई उभ्यानं मनुका निवडायची आणि जिथल्या बायकांनी एका हंगामात कामाला उभं राहायचं नाकारलं. नट तयार आहेत. बँक तयार आहे. लोला पचेको, ती तिकडे हिरव्या कपड्यांत बसलीय ती, निर्माती म्हणून दोन वर्षं धावतेय. ती शेड हंगाम येईपर्यंतच रिकामी मिळते, म्हणून चित्रण सोमवारी सुरू व्हायला हवं. पुढच्या वर्षी थांबू म्हणावं तर पुढच्या वर्षी ती शेड पाडणार आहेत. आणि पुढच्या वर्षी लाइल चौऱ्याऐंशीचा असेल.

मग अडलंय कुठे? धंद्यातल्या लोकांना माहीत आहे, पण इथं बरीच बायकामुलंही आली आहेत, त्यांच्यासाठी सांगते. चित्र पुरं होईल अशी हमी विमा कंपनी देते, त्याशिवाय बँक पैसे सोडत नाही. दिग्दर्शक म्हातारा असला की विमा कंपनी म्हणते, एक राखीव दिग्दर्शक द्या. म्हणजे नाव झालेला असा कुणीतरी, ज्यानं लिहून द्यायचं की या माणसाला काही झालं तर चित्र मी पुरं करीन. त्यानं रोज सेटवर यायचं, कडेला खुर्ची टाकून बसायचं, कॉफी प्यायची. बहुतेक वेळा बाकी काही करावं लागत नाही. मी स्वतः गेले होते सही करायला. विमा कंपनीचा माणूस फार सभ्य होता. म्हणाला, "बाई, तुम्ही संकलक आहात." जसं काही मला ते ठाऊक नव्हतं.

म्हणून मी फोन करायला लागले. कुणाला? जे जे म्हणायचे की लाइलमुळे मी उभा आहे, त्यांना. आज या व्यासपीठावर एका रांगेत बसले आहेत ना, त्यांना. एकानं स्वतः फोन घेतलाच नाही, त्यांच्या एजंटनं सांगितलं की अशानं साहेबांच्या नावाची किंमत उतरते. दुसऱ्यांना त्याच आठवड्यात ग्रीसला जायचं होतं, बोलायलाही वेळ नव्हता. गेला नाहीत वाटतं. रंग तर इथल्याच उन्हाचा दिसतोय.

आणि मग ग्रेडन. मंडळी, पाचच मिनिटांपूर्वी ग्रेडन इथं, याच माईकसमोर उभा होता आणि त्यानं तुम्हाला रडवलं. लाइलच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी घडलो, म्हणाला. ते खरं आहे. त्या टेबलाशी मीही बसलेली असायचे. ग्रेडनच्या पहिल्या चित्राची पटकथा मध्यंतरानंतर कोसळत होती आणि लाइलनं ती अर्धी नव्यानं लिहिली. पडद्यावर नाव घेतलं नाही. का नाही घेतलंस म्हणून मी विचारलं तर म्हणाला, पोराचं पहिलंच चित्र आहे, त्याच्या नावाशेजारी दुसरं नाव कशाला. त्या पटकथेला पारितोषिक मिळालं. ग्रेडन, मी हे आजवर कुठं बोलले नव्हते. आता बोलले.

अशा ग्रेडनला मी फोन केला. त्यानं स्वतः उचलला, हे त्याचं चांगलं. सगळं ऐकून घेतलं आणि गहिवरून म्हणाला, "नेटी, मी हे कसं करू? सेटच्या कडेला खुर्ची टाकून माझ्या गुरूच्या मरणाची वाट बघत बसू? हा त्याचा अपमान आहे." इतकं सुंदर बोलला की मी त्याचीच समजूत काढून फोन ठेवला. तासाभरानं भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की आपल्याला नाही म्हणून सांगितलं गेलंय. मरणाची वाट कोण बघतंय, ग्रेडन? विमा कंपनी बघतेय. तू नुसता खुर्चीत बसलास तर त्या म्हाताऱ्याला काम करता येतं. तू उठलास की तो मेल्यातच जमा. मग अपमान कशात आहे, ते मला या सभागृहात कुणीतरी समजावून सांगा.

शेवटी मी अध्यक्षांकडे गेले, मंडळातल्या कुणाची तरी सही मिळवून द्या म्हणून. श्लेगलसाहेबांनी मला कॉफी पाजली. मंडळ असल्या खासगी व्यवहारात पडत नाही, असं म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "पण आपण लाइलला जीवनगौरव देऊ या की." साहेब, तुमचा हेतू चांगला होता हे मी मानते. पण मी तुमच्याकडे एक सही मागितली होती आणि तुम्ही मला पदक दिलंत. तहानलेल्याला तुम्ही शाल पांघरलीत.

तेही मी गिळलं असतं. पण मंडळानं वर्तमानपत्रांना निवेदन पाठवलं. काय लिहिलं त्यात? "आपल्या दीर्घ कारकिर्दीची सांगता करणारे ज्येष्ठ दिग्दर्शक." हे कुणी लिहिलं? ज्याचं सोमवारी चित्रण आहे त्याची सांगता तुम्ही परस्पर करून टाकलीत? एक फोन करून त्याला विचारलं असतंत तर तुमच्या कार्यालयाचं काय बिघडलं असतं? ते छापून आलं आणि आज सकाळीच विमा कंपनीच्या माणसानं लोलाला गाठलं. "बाई, हे तर निवृत्त होताहेत." लोलानं परोपरीनं सांगितलं, नाही हो, नाही. तो म्हणाला, त्यांच्याच मंडळानं लिहिलंय, आम्ही कुणावर विश्वास ठेवायचा? उद्या दुपारपर्यंत राखीव दिग्दर्शकाची सही आणा, नाहीतर आम्ही विषय बंद करतो.

म्हणजे बघा. स्टुडिओंनी त्याची चित्रं डब्यात ठेवली, समीक्षकांनी नावं ठेवली, पण लाइल ओस्टरगार्डला काम करण्यापासून कुणी थांबवू शकलं नाही. ते आज आपण करून दाखवलं. सत्कार करून.

मॉर्टन, बसा. मी अजून संपवलेलं नाही. आणि ध्वनिवाल्यांना खुणा करू नका, तो माईकवर बसलेला मुलगा माझ्या मैत्रिणीचा भाचा आहे, तो काही माईक बंद करत नाही.

आता ती रीत. मी नाव पुकारल्याशिवाय लाइल वर येणार नाही, बँड वाजणार नाही आणि स्वयंपाकघरातून कोंबडी बाहेर निघणार नाही. मंडळी, मी नाव पुकारणार नाहीये. या व्यासपीठावरचा कुणीतरी एक जण, ज्यानं आज लाइलला गुरू म्हटलं, तो हो म्हणेपर्यंत मी इथं उभी आहे. माझे गुडघे मूळचेच आहेत. मला घाई नाही.

असं खाली बघू नका. मघाशी तर छान माना वर करून बोलत होतात.

काय म्हणालास, ग्रेडन? त्याच्याकडे माईक द्या. नको? बरं, तिथूनच बोल.

मागच्या टेबलांना ऐकू गेलं नसेल. तो काय म्हणाला ते मी जसंच्या तसं सांगते. तो म्हणाला, "अपमान वगैरे काही नाही, नेटी. मी भितो. चित्र अर्ध्यात माझ्याकडे आलं तर लाइल कुठे संपला आणि मी कुठे सुरू झालो ते सगळ्या जगाला दिसेल."

इतका वेळ मी रागानं बोलत होते. राग अजून आहे. पण ग्रेडन, हे तू त्या दिवशी फोनवर का नाही सांगितलंस? मला अपमान आणि गुरू आणि मरण ऐकवत बसलास. भितो म्हणाला असतास तर मी त्याच संध्याकाळी तुझ्या घरी आले असते. मी चाळीस वर्षं काय करतेय असं तुला वाटतं? दोन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या उजेडात, एकमेकांवर रुसलेल्या नटांनी केलेलं काम मी असं जोडते की बघणाऱ्याला वाटतं, एका श्वासात झालंय. तुझ्या त्या पहिल्या चित्रातही लाइल कुठे सुरू होतो ते कुणाला दिसलं? परीक्षकांना दिसलं नाही. पारितोषिक दिलं त्यांनी. त्याचंही संकलन माझंच होतं, तो सांधा मीच झाकला होता. वेळ आलीच तर हाही झाकीन. तू फक्त सही कर.

मान हलवून चालत नाही रे. लोला, कागद घेऊन वर ये. ग्रेडनचे एजंट उठून उभे राहिले आहेत, त्यांना कुणीतरी पाव वाढा.

लाइल तिकडून ओरडतोय की मी इथंच बसलोय, मला कुणी विचारणार आहे का. नाही, लाइल. तू पटकथेत लिहून ठेवलंयस ना, त्या बायकांनी मुकादमाला काही विचारलं नव्हतं म्हणून. गप्प बस.

झाली का सही? तारीखही घाल. लोला, नीट बघून घे. झाली.

टाळ्या नकोत. खरंच नकोत. आज या सभागृहात टाळ्या फार झाल्या आणि त्यांनी माझ्या माणसाचं चित्र बुडत होतं.

आता आभाराचा भाग. ग्रेडनचे आभार, उशिरा का होईना. लोलाचे आभार. मागच्या टेबलांचे आभार, मी बोलत असताना तिथून कुणी खाली बघितलं नाही. मंडळानं उद्या सकाळी वर्तमानपत्रांना दुसरं निवेदन पाठवलं तर त्यांचेही आभार मानीन, पाठवल्यानंतर. माझा तोल सुटला असेल तर तो ठरवून सुटला, त्याची क्षमा मागायला माझं मन होत नाही. स्वयंपाकघरातल्या मंडळींनी मात्र मला माफ करावं, त्यांची कोंबडी माझ्यामुळे वाळली. आणि व्यासपीठानं मला माफ करायचं की नाही ते चित्र बघून ठरवावं.

बँडवाले, तयार राहा. येत्या सोमवारी सकाळी सेल्मात कामावर हजर होणारा दिग्दर्शक आणि पटकथाकार, लाइल ओस्टरगार्ड.

ये, लाइल. हळू ये, ती पायरी उंच आहे. ग्रेडन, खाली उतर आणि त्याचा हात धर. तुझं काम सुरू झालंय.