दगडावरचा पूल

त्या सकाळी मी जव दळत होते. पीठ चाळलं, भट्टीत जाळ घातला, शेळीचं दूध काढलं आणि अंगणातली दगडाची भुकटी पिठापासून लांब झाडून नेली. पाथरवटाच्या घरच्या भाकरीत थोडी कचकच असतेच. आमचे मालक, इद्दिबाल, गाडीवरच्या दगडाला दोर आवळत होते. मी म्हटलं, भाकरी होतेय, खाऊन निघा. ते म्हणाले, "पूल घेऊन पुलाकडे चाललोय. तेवढा पोचवतो, मग खातो."

माफ करा, सुरुवात चुकली. मला दिलेल्या मेणाच्या पाटीवर आधी वेगळं आहे. तर, सन्माननीय अध्यक्ष, थिगारा नगरीचे नगराध्यक्ष होनोरातुस. आजचे सत्कारमूर्ती, दोन वर्षं आपल्या भागाचे रस्ते सांभाळून उद्या सकाळी कार्थेजला परत निघालेले मार्गाधिकारी वेत्तिदियुस महोदय. मंचावरचे पुजारी आणि नगरसभेचे सभासद. ओढ्यापलीकडच्या अम्मूरा गावाहून वरच्या उताराचा वळसा घालून आलेले पाहुणे. आणि मागे खांबांशी उभ्या असलेल्या माझ्या शेजारणींनो, सर्वांना माझा नमस्कार.

या सभागृहात बायकांनी बोलायची रीत नाही. पण कामावर असताना जीव गेलेल्या कारागिराच्या विधवेने आभाराचे दोन शब्द बोलले तर समारंभाला शोभा येईल, असं नगराध्यक्षांच्या मनात आलं. त्यांच्या कारकुनाने बारा ओळी लिहून आणल्या आणि माझ्याकडून पाठ करून घ्यायला बसला. त्याच्या चौथ्या ओळीत एक अक्षर सुटलं होतं. मी ते बोटाने दाखवलं, तेव्हा त्याने पाटी ओढून घेऊन ते घातलं.

मी अक्षरं मैलाच्या दगडांवर शिकले. अंगणात दगड आडवे पडलेले असत. मालक कोरत असत आणि मी ताक द्यायला गेले की विचारत असे, हे काय, ते काय. त्यामुळे पुष्कळ वर्षं माझी अशी समजूत होती, की लिहिणं म्हणजे आधी सम्राटांचं नाव, मग त्यांच्या पदव्या, आणि शेवटी 'काळाने मोडलेला रस्ता व पूल पुन्हा उभारला'. याहून वेगळं काही लिहिता येतं, हे मला फार उशिरा कळलं.

आता सत्कारमूर्तींविषयी. त्यांच्या कारकिर्दीत आपल्या रस्त्याची नऊ वेळा दुरुस्ती झाली. मी मोजून सांगते, कारण नऊही वेळा ती आमच्या अंगणातच झाली. मध्ये सम्राट बदलले, परत बदलले. प्रत्येक वेळी जुनं नाव घासून काढायचं आणि नवं घालायचं. चौथ्या मैलाचा दगड घासून घासून इतका बारीक झाला, की आमची शेळी त्याला अंग घासायला गेली आणि तो कलला. रस्ता मात्र होता तसाच आहे. आजोबांच्या वेळचे खड्डे आपण नातवंडांना दाखवू शकतो. असा ठेवा किती गावांकडे असेल?

महोदयांची पाहणीची पद्धतही सांगण्यासारखी आहे. उन्हाळ्यात, ओढा कोरडा असताना, ते पालखीतून आले. अंजिराखाली बसले आणि कारकुनाकडून प्रत्येक दगड मोठ्याने वाचून घेतला. रस्ता दुरुस्त आहे, असं दगडाने सांगितलं. पूल उभा आहे, असंही सांगितलं. पालखी कोरड्या ओढ्यातून पलीकडे गेली, महोदयांच्या पायाला पाणी लागलं नाही. मग पूल नाही असं कोण म्हणेल?

म्हणणारी मी होते. माझी लेक अम्मूराला दिलेली आहे. तिच्या भट्टीचा धूर मला माझ्या दारातून दिसतो, पण हिवाळ्याचे पाऊस लागले की ती चार महिने मला परक्या मुलखात गेल्यासारखी. दिसतं ते गाव, आणि वरच्या उताराचा फेर घातल्याशिवाय जाता येत नाही. वाहून गेलेला पूल बांधा, म्हणून मी तीनदा अर्ज घेऊन गेले. तिसऱ्या वेळी कारकून वैतागला.

"बाई, पूल बांधलेला आहे. दगडावर आहे. बांधलेला पूल परत कसा बांधायचा?"

मी घरी येऊन मालकांना बोलले. तुम्हीच कोरलंत, म्हटलं. त्यांनी छिन्नी खाली ठेवली. मग म्हणाले, "कोरायला सांगतात ते कोरतो, नाम्फामे. खरं कोरायला अजून कुणी सांगितलं नाही." या उत्तराचा मला तेव्हा राग आला होता. आज येत नाही.

तर त्या सकाळचा दगड. नवे सम्राट, नवं नाव, खाली तोच पूल. हुकूम असा होता, की दगड पुलाच्या पलीकडच्या टोकाला उभा करायचा. पलीकडे जायचं कसं, हे हुकमात नव्हतं, कारण पूल होता ना. वरच्या उताराने दगडाची गाडी चढत नाही. पाणी मांडीपर्यंत होतं. गाडीवान मसगावाकाका पुढे बैलांशी होते, मालक मागून दगडाला हात लावून. मधल्या खड्ड्यात चाक गेलं आणि दगड मागे सरकला.

दुपारी कचेरीतून दोन माणसं आली. त्यांनी विचारलं, दगडाचा कोपरा वगैरे उडाला आहे का? नव्हता उडाला. कारागिरी चांगली होती.

मालकांना पुरल्यावर दहाव्या दिवशी दगड अलीकडच्याच काठावर उभा केला. मेंढा कापला, भाषणं झाली. मग थोड्याच दिवसांत सगळ्यांच्या लक्षात आलं, की दगडावर खाली कुणीतरी आणखी दोन ओळी कोरल्या आहेत. परमुलखातले व्यापारी त्या वाचतात आणि गाड्या वळवतात. त्याआधीच्या हिवाळ्यात त्याच ओढ्यात एक मिठाचा व्यापारी आणि सात खेचरं गेली होती. त्या ओळी आल्यापासून अजून कुणी गेलेलं नाही.

सम्राटांच्या दगडावर हात टाकणं हा राजद्रोह आहे, हे मला मान्य आहे. त्याबद्दल मसगावाकाकांना धरलं. दगड त्यांनी आणला म्हणून कोरला त्यांनीच, असा हिशेब. गेले बावीस दिवस ते सॅटर्नच्या देवळामागच्या खोलीत बंद आहेत आणि उद्या महोदयांच्या तांड्यामागे साखळीने कार्थेजला जायचे आहेत. तिथे काय होतं, हे इथे बसलेल्या सर्वांना ठाऊक आहे. मी त्यांना लापशी द्यायला जाते. परवा ते म्हणाले, "पोरी, मला अक्षर येत असतं तर मी जन्मभर बैलांचं ढुंगण बघत बसलो असतो का?" पहारेकरीही हसला. पण चौकशीत हे कुणी विचारलंच नाही. म्हातारा वाचू शकतो का, एवढं विचारायला अंजिराच्या सावलीतून उठावं लागलं असतं.

हे पाटीवर नाही, याची मला जाणीव आहे. नगराध्यक्ष केव्हाचे हात करतायत. आटोपतेच.

सत्कारमूर्तींचा परतीचा प्रवास सुखाचा होवो. त्यांचा तांडा उद्या खालच्या रस्त्याने न जाता वरच्या उताराने जाणार आहे, असं पालखीवाल्यांकडून कळलं. तीन तासांचा फेर आहे, पण निर्णय योग्य आहे. महोदयांनी दोन वर्षांत आपल्या भागातल्या दगडावर लिहिलेलं खरं मानून वाट बदलली, असं हे पहिल्यांदाच घडतंय, आणि त्याबद्दल गावातर्फे मी त्यांचे मनापासून आभार मानते.

अध्यक्षांनी बोलू दिलं, त्यांचेही आभार. अम्मूराचे पाहुणे पाय दुखवून आले. माझ्या लेकीला सांगा, आई बरी आहे. शेजारणींनी शेळीकडे लक्ष ठेवावं, उद्यापासून बहुधा लागेल.

बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपल्या घरची समजून सोडून द्या. कोरण्यातही चूक झाली आहे. दुसरी ओळ वर चढलीय आणि शेवटचं अक्षर दाटीने बसवावं लागलं. सम्राटांच्या नावाला मात्र कुठे टवका उडालेला नाही. त्यांच्या नावाखाली बरीच जागा मोकळी होती. मसगावाकाकांना आज घरी जाऊ द्या. बावीस दिवस मी गप्प राहिले, कारण मला भीती वाटत होती. अजूनही वाटते.

दहाव्या दिवशी दगड उभा झाला. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी मालकांची छिन्नी आणि हातोडी घेऊन ओढ्यावर गेले, गुडघ्यांवर बसले आणि कोरलं: पुढे पूल नाही. वरच्या उताराने जा.