भिंतीपर्यंत

कॉलेजात सरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. पहिला नंबर माझा; मी मुलीच्या हजेरीचं विचारायला आले होते. माझ्यामागे पहिल्या वर्षाचा एक मुलगा आणि त्याला जवळजवळ ओढत आणलेली त्याची मोठी बहीण.

“ताई, चल ना घरी. बाबांना सांग, याला कॉलेज झेपत नाही.”

“एका चाचणीत भोपळा मिळाला म्हणून? आत जाऊन काय बोलणारेस?”

“मला काहीच कळत नाही, असं.”

“मग सर पहिल्यापासून सगळं परत शिकवतील.”

“बरंच आहे की.”

“आणि तू परत नुसती मान डोलावून येशील. गणित कसलं होतं?”

“भिंतीला टेकवलेल्या शिडीचं.”

“शिडीचं वजन कुठे जातं?”

“खाली.”

“जमीन काय करते?”

“शिडीला वर ढकलते. एवढं येतं गं मला. भिंत काय करते, तिथे डोकं चालत नाही.”

“म्हणजे भिंतीपर्यंत येतंय.”

“हो. तिथपर्यंत येतंय.”

“मग काहीच कळत नाही, असं कशाला सांगत फिरतोस?”

तेवढ्यात सरांनी दार उघडलं.

“चला, पुढचं कोण?”

मुलगा पटकन उठला.

“थांब रे, आधी यांचा नंबर आहे.”

“काकू, मी आधी जाऊ? माझं फक्त भिंतीपासून पुढचं राहिलंय.”