पेनाएवढा एअरब्रश

...पेनाएवढी वस्तू हो! केकवर रंगाचा बारीक फवारा मारायची, शाईच्या पेनाएवढी वस्तू, आणि ती निवडायला सोबत कोण? तर कडुबाकाका! का? "पोरीनं एकटीनं मशीन घेऊ नाय, फसवतेत." तुम्हाला सांगते, मी बीएस्सी झालेय, दोन वर्षं मुकुंदवाडीत घरून केक विकतेय, आणि काकांना केक चमच्यानं खायचा की हातानं हेच अजून ठरवता आलेलं नाही... पण मशीन म्हटलं की ते आलेच! करमाडला तीस वर्षं कपाशीवर पंप मारलाय ना!

ऑनलाइन मागवू म्हटलं, तर "हातात धरल्याबिगर घ्यायचं नाय." मग काका मोकळे कधी? चार दिवसांनी! म्हणजे नेमकं त्याच दिवशी, ज्या दिवशी संध्याकाळी सहाला माझ्या मैत्रिणीच्या, लाइबाच्या मंगनीचा, म्हणजे साखरपुड्याचा, केक द्यायचा होता. तीन मजली. खाली गडद निळा, वर जाता जाता विरत पांढरा. साध्या ब्रशनं तसं होतच नाही, पट्टे दिसतात. माझी पहिली मोठी ऑर्डर! जमली तर शहरभर नाव, फसली तर त्याच शहरभर... मला फक्त एक एअरब्रश घ्यायचा होता!

शहागंजात फारूखचाचांचं दुकान. मी म्हटलं, "शून्य पॉइंट तीनच्या नोझलचा द्या, वर रंगाची वाटी असलेला." काका मध्येच, "एवढंसं भोक? त्यातून निघणार काय? मोठं दाखवा, मोठं!" चाचांनी गाड्या रंगवायची गन काढली, आणि काकांचा चेहरा असा खुलला, जसा माझ्या निकालालाही खुलला नव्हता.

"हे बघ, लई दणकट! वापरलेली हाय, निम्म्यात देतेत."

"काका, यातून गाड्यांचा रंग गेलाय! लोक केक खातात!"

"मग धुवून घे की!"

ऐकलंत? धुवून घे!

मग चहा. मग कळलं, चाचांची सासुरवाडी करमाडशेजारी. झालं! विहिरी, पाऊस, कोण वारलं, कोणाचं जमलं... मी घड्याळ दाखवतेय, तर चाचा, "बेटी, बैठ ना, इत्ती जल्दी क्या है?" अहो, मला फक्त एक एअरब्रश घ्यायचा होता! शेवटी मीच छोटा एअरब्रश नि त्याला हवा देणारा छोटा कॉम्प्रेसर उचलला, पैसे दिले आणि काकांना जवळजवळ ओढतच रिक्षात घातलं.

घरी आजी, द्वारकाबाई, ताट घेऊन दारातच! "नवं मशीन हाय माय, पुजल्याबिगर चालवू नाय." मी फ्रिजमधून केक काढायला वळले, दोनच मिनिटं... तेवढ्यात पाण्यात कालवलेलं हळदकुंकू, बोट भरून, नेमकं रंगाच्या वाटीत!

"आजी, तिथं का?"

"तिथंच तोंड हाय ना त्याचं!"

आणि काकांनी कॉम्प्रेसर जोडून, पंपाच्या सवयीनं घोडा ओढून बघितला. फुस्स्स... मग फुस्ससुद्धा नाही. नोझल गच्च! वाजले चार!

मी ओरडले. मग रडले. मग दोन्ही एकदम. काकांनी फोन लावला, "फारूखभाई, जाम झालं." वीस मिनिटांत चाचा स्कूटरवर हजर, दुकान तसंच शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून, खिशात बारीक सुई! नोझल खोललं, टोचलं, गरम पाण्यानं तीनदा धुतलं, आणि सुटला फवारा... असा विरत गेला तो निळा, तुम्हाला सांगते, की शोधून एक पट्टा सापडेना. चाचा हळूच म्हणाले, "माशाल्ला."

आजी मात्र ताट उचलत म्हणाली, "बघ. पुजलं म्हणून चाललं."

मी केक उचलला आणि बरोबर सहाला लाइबाच्या दारात!

मंगनीतून पाच ऑर्डरी आल्यात. दुसरा एअरब्रश लागणारच. काकांना विचारलंय, कधी मोकळे आहात. आणि आजीला हात जोडून एवढंच म्हटलंय, या वेळी कुंकू नको, अक्षता वाहा... कोरड्या. शून्य पॉइंट तीनमध्ये तांदूळ शिरत नाही.