कॅफेबाहेरची बाबागाडी

...आणि वर मलाच विचारतात, "काय प्राची, डेन्मार्कला मजा आली ना?" आता मजा कशाला म्हणायचं त्यावर आहे हो. यतीनला आली, पोरांना आली. मी तिथे पोरं मोजत होते. विमानतळावर एक, दोन. बसमध्ये एक, दोन. अख्खं जग राजवाड्यासमोर उभं राहून फोटो काढतंय आणि मी आपली राजवाड्याकडे पाठ करून... एक, दोन. आणि तुम्हाला सांगते, मी घाबरट नाही हं. आमच्या घरात तसा समज आहे, पण तो चूक आहे. मी दचकते. घाबरणं वेगळं, दचकणं वेगळं. माटुंग्याच्या कॉलेजात सायकॉलॉजी घेऊन बीए केलंय मी, मला फरक कळतो. घाबरलेला माणूस घरी बसतो. दचकणारा सगळीकडे जातो, फक्त दचकत दचकत जातो.

तर झालं असं, की यतीनला त्याच्या लोअर परळच्या ऑफिसने महिनाभर कोपनहेगनला पाठवलं आणि पोरांना दिवाळीची सुट्टी होती, म्हणून तो म्हणाला, तुम्हीही या. निघताना सासूबाईंनी मेतकूट दिलं, लाडू दिले आणि दाराशी माझा दंड धरून एवढंच सांगितलं, "परक्या मुलखात पोरांचा हात सोडू नको." आता माझ्या लेकीचा, ऋग्वेदाचा प्रश्न नाही. ती सात वर्षांची आहे, वर्गाची मॉनिटर आहे, तीच माझा हात सोडत नाही. प्रश्न गंधारचा. गंधार चार वर्षांचा, आणि तो वाढलाय नायगावच्या बीडीडी चाळीत. त्याच्या हिशोबाने दार ही आत जायची वस्तू आहे. सकाळी आमच्याकडे अर्धं दूध पिणार, समोर गंगुबाईंकडे घावणे खाणार, पुढे कुणाच्या तरी टीव्हीसमोर बसणार, आणि आंघोळीपुरता घरी येणार, तोही कुणीतरी धरून आणला तर. कोण काही म्हणत नाही. चाळीचा नियमच आहे ना, रडणारं पोर ज्याच्या हाताशी, त्याचं. आधी उचलायचं, मग कुणाचं ते विचारायचं. पुढच्या वर्षी आम्हाला टॉवरमध्ये घर मिळणार आहे, तिथे दारं बंद ठेवायची असतात म्हणे. गंधारचं कसं होणार, देव जाणे.

आणि ते शहर किती शांत असावं? गोंगाटाचं मला काही नाही हो, नायगावात उशाशी बस वळते, मी घोरत असते. पण तिथे मागून सायकल येते ती आवाजच न करता, सर्रकन... दचकले. दुकानाचं दार आपणहून उघडतं, दचकले. सिग्नलला गाडी नाही, लांबवर कुठे गाडी नाही, आणि सगळी माणसं गप्प उभी, लाल दिव्याकडे बघत. मला वाटलं, कोणी गेलंबिलं की काय. नाही, ते हिरव्याची वाट बघत होते! दचकले.

तर त्या दिवशी यतीन ऑफिसात, आणि मी पोरांना घेऊन तळ्यावरची बदकं बघायला निघाले. थंडी अशी की दोन स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला माकडटोपी, माझं फक्त नाक बाहेर. आणि एका कॅफेबाहेर, फुटपाथवर, भिंतीला टेकून एक बाबागाडी. काळीभोर, वरातीच्या बग्गीएवढी. मी सहज डोकावले, तर आत दुलईत बाळ. खरंखुरं बाळ! एकटं! आजूबाजूला चिटपाखरू नाही.

ऋग्वेदा म्हणाली, "मम्मा, हे कुणाचं आहे?"

"असेल कुणाचं तरी."

"मग ते कुठेयत?"

बघा, हा प्रश्न सात वर्षांच्या मुलीला पडतो आणि अख्ख्या डेन्मार्कला पडत नाही. एक आजोबा कुत्रं घेऊन चालले होते, त्यांना अडवलं, म्हटलं, बाळ, एकटं, थंडी! त्यांनी वाकून बघितलं, "झोपलंय," म्हणाले आणि गेले. कुत्र्याने सुद्धा माझ्याकडे विचित्र बघितलं. यतीनला फोन केला, तर तो मीटिंगमध्ये, कुजबुजत म्हणतो, टेन्शन नको घेऊस, असेल कोणीतरी. तुम्ही म्हणाल, कॅफेत जाऊन विचारायचं ना. अहो, मी आत गेले की बाळ एकटं, आणि बाळ घेऊन आत गेले की मी पोरं पळवणारी. कुठे जाणार मी? म्हणून उभी राहिले. पहारा.

आणि तेवढ्यात ते कुरकुरलं. झालं. रडणारं पोर ज्याच्या हाताशी... मी गाडीचा दांडा धरला आणि लागले हलवायला. अंगाई गायले. अंगाईच्या दोन ओळींच्या मधे जागा असते ना, तिथे त्याच्या आईचा उद्धार. म्हटलं, कुठे उलथलीये ही बया, एवढंसं लेकरू रस्त्यावर टाकून, आई आहे का कोण आहे, समोर येऊ दे, बघतेच. पुन्हा अंगाई. बाळ गप्प झालं. मला इतकं बरं वाटलं सांगू, आल्यापासून पहिल्यांदा त्या देशात माझा काहीतरी उपयोग झाला होता. आणि हे सगळं करताना माझं मोजणं चालूच होतं हं. एक, दोन. एक, दोन. हिशोब चोख.

मग ऋग्वेदा म्हणाली, "मम्मा, गंधार कुठेय?"

म्हटलं, "आहे की, आत्ता मोजला. ही तू एक... आणि हा दोन."

"मम्मा, दोन ते बाळ आहे."

तुम्हाला सांगते, तेव्हा मी दचकले नाही. समोर तळं, रस्त्यावर त्या मुक्या सायकली, आणि माझं पोर ज्याला कुणाचंही दार आपलंच वाटतं, आणि भाषा येते ती फक्त मराठी आणि थोडी गंगुबाईंची मालवणी. सासूबाईंचा हात माझ्या दंडावर अजून आहे असं वाटलं. मी "गंधार" म्हणून हाक मारली, आणि हाक म्हणजे चाळीतली हाक, तळमजल्यावरून वरच्या मजल्यापर्यंत जाणारी. बदकं उडाली. तळ्याकडे धावले, चार पावलांवर आठवलं, बाळ! परत आले. दुसऱ्याचं पोर टाकून आपलं शोधायचं कसं? मग एका हातात ऋग्वेदा, एका हाताने ती बग्गी ढकलत, ओरडत, रडत, माकडटोपी डोळ्यांवर आलेली, मी फुटपाथवरून निघाले.

आणि कॅफेचं दार उघडलं.

माडासारखी उंच बाई. एका हातात कॉफीचा कप. दुसऱ्या हातात गंधार, नाकापर्यंत साखर लागलेली. मी त्याला असा आवळला की ती साखर निम्मी माझ्या शालीला. आणि हा माझ्या खांद्यातून म्हणतो कसा, "मम्मा, ओरडू नको ना. तुझा सगळा आवाज फोनमधून येतोय."

फोन नव्हता तो. बाळाच्या उशाशी आवाज ऐकायचं एक यंत्र होतं आणि त्याचं जोडीदार यंत्र आत तिच्या टेबलावर. तिचं नाव मेटे. सगळं इंग्रजीत झालं, मी तुम्हाला मराठीत सांगते. म्हणाली, आमच्याकडे बाळं बाहेर हवेशीरच झोपवतात, मी या खिडकीतच बसले होते. तुझा मुलगा आत आला, सरळ माझ्या टेबलाशी बसला आणि माझ्या दालचिनीच्या बनकडे बघत राहिला. मी त्याची आई शोधणार, एवढ्यात यंत्रातून गाणं आलं आणि तो आरामात म्हणाला, "मम्मा." मी बाहेर बघितलं, तर तू माझ्या बाळाला झोपवत होतीस.

"मला वाटलं, तू माझं बघतेयस, मी तुझं बघते," ती म्हणाली. "म्हणून मी आणखी एक कॉफी मागवली."

आणखी एक कॉफी! म्हणजे ती आत, मेणबत्त्या लावलेल्या त्या उबेत, माझ्या पोराला बन भरवत कॉफी पीत होती आणि मी बाहेर कुडकुडत तिला शिव्या घालत होते. आणि नियम बघा, नियम तोच निघाला. चाळीचाच. फक्त तिला तो यंत्र लावून पाळता येतो, आणि वर कॉफी मिळते.

मग तिने विचारलं, "तू किती छान गात होतीस. मधेमधे काहीतरी जोरात बोलत होतीस, ते काय होतं?"

म्हटलं, "तेही अंगाईतच येतं."

यतीनला संध्याकाळी सांगितलं तर तो खुर्चीवरून पडायचा बाकी. सासूबाईंचा फोन आला, हात नाही ना सोडलास? म्हटलं, नाही हो आई. एक, दोन, दोघं आहेत.

तर आता परत आलेय ना, म्हटलं आपणही शिकावं काहीतरी. गेल्या रविवारी दुपारी गंधार पॅसेजमध्ये चटईवर झोपला होता. एरवी मी उचलून आत आणला असता. म्हटलं, राहू दे, हवेशीर आहे. आज मीच मेटे. दार उघडं ठेवलं, आत येऊन चहा ओतला, कप तोंडाला लावते तोच बाहेरून आवाज, "गो बाय माझे! पोराक भायर टाकून खंय उलथली ही?"

गंगुबाई. त्याच्या उशाशी बसून त्याला थोपटत, पदराने वारा घालत, मला मनसोक्त शिव्या देत होत्या. यंत्राशिवाय सगळं ऐकू येत होतं, मला आणि अख्ख्या मजल्याला. मी बाहेर गेले नाही. आमच्याकडे कुणी शिव्या देत असलं, म्हणजे पोर सुखरूप आहे. मी गुपचूप आणखी अर्धा कप ओतला, ऋग्वेदा अभ्यासाला, गंधार बाहेर... एक, दोन... आणि तेवढ्यात मागे कुकरची शिट्टी.

सगळा चहा अंगावर. जाऊ दे. त्या बाईच्या नशिबात दुसरी कॉफी, माझ्या नशिबात पहिला चहासुद्धा नाही. पण घाबरले नाही हं.