आवाज येतो दोन सेकंदांनी

...नाही, मला सांगा, ‘दोनच सेकंद ना?’ असं म्हणणाऱ्याला काय म्हणावं? सगळे हेच म्हणतात! अहो, दोनच सेकंद! कबूल! पण तुम्हाला सांगतो, त्या दोन सेकंदांनी माझ्या आयुष्याची जी वाट लावलीय ना... थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल या माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय. झालाय म्हणा. पण उगाच नाही झालेला!

मी एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. आमचे बिनतारी स्पीकर. स्पीकर तिकडे कपाटावर, फोन तुमच्या हातात, फोनवर स्लायडर, तो बोटानं सरकवला की आवाज कमी-जास्त. बस! तो स्लायडर माझा. म्हणजे अख्ख्या कंपनीत मला दिलेलं एकुलतं एक काम, आणि त्यातच मी माती खाल्ली! कारण बोट आत्ता सरकवलं तर आवाज हलणार कधी? दोन सेकंदांनी! फोननं सांगायचं, स्पीकरनं ऐकायचं, मग त्यानं उलट कळवायचं, ‘हो, केला बरं का कमी’... याच्यापेक्षा सरकारी फाइल परवडली!

आता माणूस काय करतो? आवाज कमी करतो. होत नाही. आणखी कमी करतो. होत नाही. मग चिडून पाच-सहा वेळा बोट घासतो, ते सगळे हुकूम तिकडे एकदम पोचतात आणि स्पीकरची वाचाच बसते! मग वाढवा, वाढवा, अजून वाढवा... आणि असा गरजतो की कपाटावरची धूळ खाली! त्यात आणखी गंमत ऐका, तो स्लायडर तुमच्या बोटाखालून आपोआप मागे पळतो! का? तर तुम्ही आणलाय तीनवर, पण स्पीकरचं उत्तर आत्ता पोचतंय, आणि तो सांगतोय मगाचंच, आठ! शिळं उत्तर हो! आणि फोन बिचारा ते खरं मानून बसतो.

आमचे साहेब म्हणाले, ‘शुक्रवारी खरेदीदार येतायत. त्यांच्यासमोर हा स्लायडर पळाला, तर सोमवारपासून तू पळ.’ मी म्हटलं, साहेब, दोनच सेकंदांचा तर... तर म्हणतात, ‘तुझ्या पत्रावर सही करायला मला तेवढेच लागतील!’

आणि नोकरी जाऊन कसं चालेल? आमची ही वीज कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसते, अकरा वर्षं झाली. मागच्या महिन्यात तिला बढती येत होती, पण पाच तासांवरच्या गावी. मला विचारलं, ‘घेऊ का हो?’ मी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हटलं, ‘अजिबात नाही! माझी नोकरी इथं आहे!’ झालं, विषय संपला. आता तीच नोकरी गेली, तर कुठल्या तोंडानं उभा राहू हो तिच्यासमोर?

म्हणून रविवारी स्पीकर घरी आणला, सकाळपासून घासतोय बोट. आमच्या खाली एक निवृत्त हेडमास्तर राहतात. अकरा वाजता दारात हजर. ‘आवाज कमी करा!’ मी म्हटलं, हो सर, आणि त्यांच्यादेखत कमी केला. नाही झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा केला. नाही झाला. त्यांना वाटलं, हा मुद्दाम करतोय! त्यांनी छाती भरून श्वास घेतला, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा, आणि तोंड उघडलं... आणि नेमका त्याच क्षणी स्पीकर गप्प! चिडीचूप! आणि त्या शांततेत हेडमास्तरांची ती शिवी, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, तिन्ही मजल्यांनी ऐकली! खालून त्यांच्या मंडळींचा आवाज, ‘अहो, काय बोलताय हे!’ चेहरा असा उतरला हो त्यांचा... चाळीस वर्षांची अब्रू! कशात गेली? दोन सेकंदांत!

मी डोकं धरून खाली बसलो. खरं सांगतो, रडायचाच बाकी होतो. ही सकाळपासून माझं रडगाणं ऐकत कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, ‘मला एक कळत नाही, त्या स्पीकरचं पहिलं उत्तर तुम्ही धरताच कशाला?’

म्हटलं, म्हणजे?

‘अहो, आमच्या खिडकीवर माणूस येतो तो आधी कुठंतरी भांडूनच आलेला असतो. मी विचारते, नाव काय? तो ओरडतो, तीन दिवस झाले अंधारात आहे! ते माझ्या प्रश्नाचं उत्तरच नसतं, मागच्या खिडकीवरचं असतं. मी पेन खाली ठेवते, गप्प बसते. मग जे बोलतो ते लिहून घेते. तुमच्याशीसुद्धा तसंच करते की!’

तुम्हाला सांगतो, मी ताडकन उठलो! बोट उचललं की दोन सेकंद स्पीकर काय वाट्टेल ते बोलू दे, फोननं कानाडोळा करायचा! आणि हुकूम सहा नाही धाडायचे, शेवटचा एकच! उशीर होता तेवढाच, फक्त तो मनावर घेणं बंद!

शुक्रवारी खरेदीदार बाईंनी बोट सरकवलं. स्लायडर ठेवला तिथं, जावयासारखा बसून राहिला! आवाज दोन सेकंदांनी, पण सांगितला तेवढाच खाली आला. बाई म्हणतात, ‘वा! किती सावकाश उतरतो, भपकन नाही!’ साहेबांनी माझी पाठ थोपटली हो! पहिल्यांदाच!

घरी आलो तो दोन-दोन पायऱ्या चढत. दार उघडलं, तर बाहेरच्या खोलीत खोकीच खोकी!

‘अगं, नोकरी वाचली माझी! आणि हे काय?’

‘बांधाबांध. पंधरा तारखेला हजर व्हायचंय, बढतीच्या जागी.’

‘अगं, पण मी नाही म्हटलं होतं! अजिबात नाही म्हटलं होतं!’

‘ते पहिलं उत्तर,’ ती चिकटपट्टी दातानं तोडत म्हणाली. ‘ते मी कधीच धरत नाही. थांबले. दोन सेकंद नाही, चांगले तीन आठवडे थांबले. तुम्ही पुढं काही बोललाच नाहीत.’ मग चिकटपट्टी खाली ठेवली आणि हळूच म्हणाली, ‘अकरा वर्षं त्या खिडकीमागं बसलेय हो. आता मला बसायला खोली मिळतेय.’

तोंडाशी आलं होतं माझ्या! चांगलं सणसणीत आलं होतं! पण म्हटलं, ओरडून उपयोग काय? ते पहिलं उत्तर. ती थोडंच धरणार! गिळलं. एक... दोन... आणि विचारलं,

‘बरं, ते कपाट कसं न्यायचं?’