तोंड उघडं ठेवा, टीडेमानबाई

— नाही नाही, बोलू नका, तोंड उघडंच ठेवा — अजून थोडं — हां, अस्सं. माझ्या बायकोच्या प्लमच्या केकात आजवर एक बी निघालेली नाही, टीडेमानबाई, अख्खं गाव साक्ष देईल, आणि जी एक राहिली ती नेमकी तुमच्याच दाढेखाली यावी! मुद्दाम? छे हो! रोझविटा तशी नाही. म्हणजे रागावलीय, ते खरं. कुणीतरी तिकडून पश्चिमेतून, हानोव्हरहून गाडी घेऊन येतं आणि दारात उभं राहून म्हणतं, हे माझ्या वडिलांचं घर, जरा आतून बघू का — तर बाई केक देईल, पण बिया काढताना लक्ष थोडं उडणारच की. आणि तुम्हाला दाढ दाखवायला गावात दुसरा डॉक्टरही नाही. तुमच्या घरात, तुमच्या वैऱ्याच्या हातात! बरं, ही खुर्ची आहे ना, इथं तुमच्या आईची चूल होती — मान हलवू नका, हातात टोकदार वस्तू आहे — काल तुम्ही या कोपऱ्याकडे बघत राहिलात तेव्हाच मी ओळखलं. आता चूल नाही. या भिंतीवरच्या फरश्या रोझविटानं स्वतः बसवल्यात, अख्खा हिवाळा. मी म्हणत होतो, कशाला, राहू दे. ती म्हणाली, दवाखाना आपला, भिंत आपली, मग फरशी का नको? मी काय बोलणार? गप्प बसलो. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही. हसू नका! दाढ हलते.

तो फोटो? मीच तो. टाय मेव्हण्याचा आहे. खासदार होतो मी — बघा, पुन्हा हसलात. तुमच्याकडे खासदार व्हायला माणूस तरुणपणापासून झिजतो म्हणे. आमच्याकडे पूर्व जर्मनीत, बर्लिनची भिंत पडल्यावरच्या त्या वसंतात, इतकंच बघत होते, की हा आधीच्या सरकारात नव्हता ना? आणि बोलताना फार थुंकत नाही ना? दोन्हींत मी पास. देशातली पहिली खरी निवडणूक, आणि निवडून आलेल्या संसदेचं काम काय? देश बंद करणं! दुकान उघडायचं ते टाळं लावायला — असे आम्ही दुकानदार. पण जोर बघा आमचा! रोज कायदे, ढिगानं कायदे, सकाळी वाटलेला कागद दुपारी मंजूर. आणि मतं मोजायची कशी हेच कुणाला ठाऊक नाही. का ठाऊक असावं? चाळीस वर्षं सगळे हात एकदम वर जायचे नि एकदम खाली यायचे, त्यात मोजायचं काय? पहिल्यांदा मतं फुटली तेव्हा मोजणी माझ्या गळ्यात मारली — दातांचा डॉक्टर आहे, म्हणाले, रांगेत कोण आहे नि कोण पडलंय ते याला कळतं. मी तीनदा मोजलं, तीन आकडे आले. शेवटी लक्षात आलं, मोजण्याच्या नादात माझा स्वतःचा हात खालीच राहिला होता! दुसऱ्या वेळी त्याच्या उलट. ‘बाजूनं कोण?’ — हात वर. ‘विरोधात कोण?’ — पुन्हा माझा हात वर, सवयीनं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि शेवटी तर आमच्या त्या झकपक इमारतीच्या छतात फुप्फुसाला घातक असं काहीतरी सापडलं, आम्हाला तिथूनही बाहेर काढलं. संसदच बेघर झाली. तेव्हा मी खूप हसलो होतो.

गुळणी करा. — थुंका. — परत उघडा. मग देश एक झाला, आणि आमच्यातल्या काहींना तुमच्या बॉनला पाठवलं, तुमच्या संसदेची मुदत जेवढी उरली होती तेवढ्यापुरतं. जत्रा उठताना पोचलेले आम्ही. तिथं सभागृहाचं बांधकाम चाललेलं, म्हणून बसायचं जुन्या पंपघरात — खरं सांगतो, पाणीपुरवठ्याच्या — आणि आमच्यासाठी खुर्च्या वाढवून ठेवलेल्या, पंगतीत पाहुणे वाढले की ठेवतात तशा. मी एकदाच बोललो. आमच्याकडे शाळेत पोरांचे दात तपासायला डॉक्टर जायचा, तेवढं मोडू नका, म्हणून सांगत होतो. तळमळीनं बोललो हो. खाली बसल्यावर शेजारचा म्हणाला, माइकची कळ दाबायची असते, डॉक्टर. माझं भाषण फक्त समोरच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी ऐकलं, आणि ते झोपले होते. डिसेंबरात लोकांनी मला घरी पाठवलं. घरी म्हणजे — इथं.

पोकळी साफ झाली. रोझविटा! सिमेंट कालव गं! — ती आतल्या खोलीत कालवते, काचेवर. कालवलं की लगेच भरावं लागतं, नाहीतर त्याचा दगड होतो.

तर घर. तुम्हाला वाटत असेल, हा माणूस स्वतः खासदार, दोन्ही देश जोडायच्या त्या करारावर स्वतः मत दिलं, आणि त्याच करारानं याचं घर जातंय — किती गाढव! गावातही तेच म्हणतात. हाटेलात मी शिरलो की कुणीतरी विचारतोच, डॉक्टर, आज मेनू तरी वाचून सही केलीत ना? मीही हसतो. एवढा जाडजूड करार, कुणी वाचला असेल? रोझविटासुद्धा सगळ्यांना हेच सांगते, आमच्या ह्यांनी वाचलाच नाही हो, ते भोळे. तिनं मला कधीच माफ केलंय. गाढवाला बायको माफ करते, बाई — गाढवाशीच लग्न केलंय हे तिला पहिल्यापासून माहीत असतं.

पण वाचला होता मी. — हलू नका. — सगळा नाही. तेवढं पान वाचलं. तुमच्या वडिलांसारख्या पश्चिमेला पळून गेलेल्यांची घरं त्यांना परत. ज्यांनी प्रामाणिकपणे विकत घेतली त्यांची वाचली, पण भिंत पडायच्या आधी घेतली असतील तरच. आम्ही इतकी वर्षं भाड्यानं राहिलो आणि विकत घेतलं ते भिंत पडल्यावरच्या वसंतात. रोझविटानं त्या दिवशी दारातच गुलाब लावला. ते पान मी चार-चारदा वाचलं. कळत होतं, घर चाललं. आणि दिलं मत, होकाराचं. का? मोठेपणा नव्हे हो, मोठेपणा असता तर एव्हाना मी चारचौघांत मिरवला नसता का? चौकात एवढी माणसं थंडीत उभी राहून ‘देश एक करा’ म्हणून ओरडली होती, त्यांनी मला पाठवलं, आणि मी उठून काय म्हणू — थांबा, देश नंतर जोडा, आधी माझं स्वयंपाकघर बघा? लाज वाटली मला. बस, लाज. मग घरी आलो, आणि ती फरश्यांचा रंग निवडत बसलेली. पांढऱ्या घेऊ की फिकट हिरव्या? मी म्हणालो, हिरव्या. त्या बघा. तेव्हा सांगायचं होतं. उद्या सांगू म्हटलं. मग ती भिंतीशी गुडघ्यावर बसली, आणि मी तिला फरश्या हातात देत राहिलो, एकेक. तिला यातलं काही बोलू नका, तुमच्या पाया पडतो, घर न्या, पण मला तिच्यापुरतं गाढवच राहू द्या —

काय? कुठं बघताय? मागं कोण —

रोझविटा.

आण. दे इकडं. — हे तर — टोकही रुतत नाही यात. पार दगड झालंय.

टीडेमानबाई, तोंड मिटा आता. कापूस ठेवलाय, उद्या सकाळी या, भरून देईन. तुम्ही जा. जाताना दार ओढून घ्या — अडतं ते, जरा वर उचलून ओढावं लागतं. तुम्हाला माहीत असेलच.